अर्ध्या भिंतीपलीकडची अंडी

हर्षा टेकाडेच्या घरी कोंबड्या आल्या त्या तिच्या मुलीच्या तब्येतीपायी. वर्षाली अकरावीला असताना वर्गात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि रोज एक अंडं खायला सांगितलं. दुकानातल्या अंड्याला वास येतो म्हणून पोरगी तोंड फिरवायची. वलगावहून गल्लीत भाजी विकायला येणाऱ्या तानुबाईने एकदा दोन गावरान अंडी दिली, ती मात्र तिने मुकाट्याने खाल्ली. झालं. पुढच्या आठवड्यात तानुबाईच्या टोपलीत वांग्यांच्या शेजारी पाय बांधलेल्या पाच कोंबड्या बसून होत्या.

"ठेव बाई, काही करा लागत नाई त्याईले," तानुबाई म्हणाली. "आपल्या आपल्या खाते अन् अंडे देते."

या वाक्यावर विश्वास ठेवला ही आपली चूक, असं हर्षा पुढे कितीतरी दिवस म्हणत होती.

वर्षालीने दोन वर्षं अंडी खाल्ली. गालांवर रंग चढला, बारावीला बरे मार्क पडले आणि ती इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. तिथे दिवाळीच्या आधीच तिने फोनवर सांगितलं, की तिने अंडी, दूध, दही सगळं सोडलंय. जनावरांचे फार हाल होतात म्हणे.

"मंग या पाच जणीईचं काय करू मी?" हर्षाने विचारलं.

"सांभाळ ना त्यांना, आई. त्यांची काय चूक आहे? आणि त्यांना कोंडून ठेवत जाऊ नकोस."

हर्षाने फोन ठेवला आणि मागच्या अंगणात गेली. काळी कोंबडी कोथिंबिरीचा वाफा उकरत होती. बाकीच्या चौघी तिच्या मागे उभ्या राहून ती काय काढते ते पाहत होत्या.

हर्षा मूळची अकोल्याची. वडील पोस्टात होते, घर लहान, अंगणात मोगरा आणि धुण्याचा दगड, एवढंच. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा सासरी भरलं घर होतं. नवरा योगेश बॅटऱ्यांच्या दुकानात, मोठे दीर गजेंद्र नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात सुपरवायझर. मोठी जाऊ चंदा घर हाकायची. हर्षाने आपलं म्हणून जे काही उभं केलं ते एक फॉल-पिकोचं मशीन. समोरच्या खोलीत खिडकीपाशी बसून तिने निम्म्या कॉलनीच्या साड्यांना फॉल लावले होते. हात स्वच्छ, काम वेळेवर, टाका सरळ. बायका लांबून यायच्या.

अशा घरात कोंबड्या म्हणजे काय ते साड्यांचं काम करणाऱ्यालाच कळेल. एकदा शाळेत शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम गॅदरिंगसाठी मोती रंगाची साडी टाकून गेल्या होत्या. हर्षा कुकर बंद करायला आत गेली, तेवढ्यात काळी मागच्या दाराने आली, स्वयंपाकघर ओलांडून समोरच्या खोलीत पोचली आणि पसरलेल्या साडीवरून चालत गेली. त्याआधी ती चिखलात होती. हर्षाने ती साडी दोनदा धुतली, उन्हात नको म्हणून पंख्याखाली वाळवली, इस्त्री केली, आणि मॅडम आल्यावर त्यांनी पदर नाकाशी नेऊन विचारलं, "धुतली काय वो तुमी?" त्या दिवशी हर्षाने रात्रीचा स्वयंपाक केला नाही. योगेशने बाहेरून पोहे आणले आणि गुपचूप खाल्ले.

"देऊन टाक त्या तानुबाईले परत," तो म्हणाला.

"ते म्हणते, अंड्यावरची कोंबडी कोणी वापस करते काय. अन् पोरगी रोज फोनवर विचारते, त्या कशा आहेत. मी कशी हाओ ते विचारत नाई."

या सगळ्याला एकच भरपाई होती. पाच जणी मिळून बरी अंडी द्यायच्या. योगेशला सकाळी दोन उकडून लागायची, राहिलेली शेजारीपाजारी जायची. ज्या बायका सकाळी वासाची तक्रार करायच्या, त्याच संध्याकाळी वाटी घेऊन यायच्या. कुणाची सून बाळंत झालेली असायची, कुणाला खोकला.

मग एका थंडीत अंडी कमी झाली. आधी वाटलं, हवा बदलली असेल. पुढे पुढे खुराड्यात एखादंच सापडू लागलं. हर्षाने शिंपल्याची चुरी आणली, ज्वारीत मका मिसळला, खुराड्याला आतून चुना लावला. समोरच्या बाईने सांगितलं मुंगूस असेल. योगेशने सांगितलं म्हाताऱ्या झाल्या असतील. वर्षालीने पुण्याहून सांगितलं त्या डिप्रेशनमध्ये असतील. हर्षाने मुंगसासाठी खुराड्याला जाळी ठोकली, त्यात अंगठ्याला खिळा लागला, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. अंडी काही वाढली नाहीत. पाच जणी दाणे मात्र आधीसारख्याच खात होत्या, आणि त्यांचे तुरे लालभडक होते.

उलगडा झाला तो वीज गेल्यामुळे. एरवी सकाळभर मशीनचा आवाज चाले, त्यात मागचं काही ऐकू येत नसे. त्या दिवशी लाइन गेली, मशीन थांबलं, आणि हर्षाला कोंबडीचं ओरडणं ऐकू आलं. अंडं घातल्यावर कोंबडी गाव गोळा करते, तसं. पण आवाज आपल्या अंगणातून येत नव्हता. भिंतीपलीकडून येत होता.

ही भिंत म्हणजे टेकाडेंच्या घराची कहाणीच होती. सासरे गेल्यावर दोन भावांत घराची वाटणी झाली. बोअर गजेंद्रच्या बाजूला गेलं. मोटरचं बिल अर्धं अर्धं ठरलं होतं, पण एका उन्हाळ्यात त्यावरून बोलाचाली झाली आणि गजेंद्रने इकडचा कॉक बंद केला. नेमके तेव्हा हर्षाचे आईवडील अकोल्याहून आलेले होते. हर्षाच्या आईला, गोदाबाईला, शेजारच्या नळावरून बादली आणावी लागली. हर्षाने ते मनात ठेवलं. चंदा त्या दिवशी ओट्यावर उभी होती, तिने सगळं पाहिलं आणि एक शब्द काढला नाही, हे तर फारच ठेवलं. नंतर योगेशने स्वतःचं बोअर खोदलं. मागच्या अंगणात भिंत घालायला घेतली, ती कमरेइतकी झाली तेव्हा विटा संपल्या. उरलेल्या विटा कुणी आणायच्या यावर दोघं अडून बसले, आणि भिंत तशीच राहिली. आठ वर्षं झाली. कमरेइतक्या भिंतीच्या दोन बाजूंना दोन जावा कपडे वाळत घालायच्या आणि एकमेकींकडे पाहायच्या नाहीत.

हर्षा भिंतीशी गेली. पलीकडे चंदाचा जुना कूलर पडला होता. मोटर काढून घेतलेली, पत्रा गंजलेला, आत वाळ्याचं जुनं गवत तसंच. त्या गवतातून काळी बाहेर आली, अंग झटकलं आणि पुन्हा ओरडली. घराचं मागचं दार उघडलं. चंदा बाहेर आली, कूलरमध्ये हात घातला, अंडं पदराला पुसलं आणि वर पाहिलं, तर समोर हर्षा.

आठ वर्षांनी पहिला शब्द हर्षाला काढावा लागला, आणि तो असा निघाला, "ते अंडं माझं हाय."

"अंगण माझं हाय," चंदा म्हणाली.

"कोंबडी कोणाची हाय?"

"मी तिले बलावाले गेली होती काय? तिचे पाय, तिची मर्जी. माझा पुदिना खाल्ला साराच्या सारा. ओटा रोज धुवा लागते मले. ते कोण धुईन?"

"किती दिवसांपासून घेऊन राहिल्या तुमी?"

चंदाने लपवाछपवी केली नाही. ती पहिल्यापासूनच तशी होती, तोंडावर सांगणारी. "संक्रांतीच्या आधीपासून. आमच्या याईले डॉक्टरनं सांगतलं व्हतं अंडे खाले. रस्सा करतो आमी. मसाला माझाच रायते."

 हर्षाचा खिळ्याचा अंगठा ठणकत होता, मुंगसाच्या नावाने ठोकलेली जाळी समोर चमकत होती, आणि ही बाई मसाल्याचा हिशेब सांगत होती.

संध्याकाळी योगेश आल्यावर तिने त्याला सरळ बजावलं, की दादांशी बोला आणि भिंत पुरी करा. योगेशने आधी तोंड वाकडं केलं, पण बायकोचा आवाज ऐकून चप्पल घातली. दोघे भाऊ नाक्यावर भेटले. नवल म्हणजे चटकन ठरलं. दोन दिवसांत विटा येऊन पडल्या, गवंडी आला, सुतळी लावली. आणि मग गजेंद्रचं म्हणणं पडलं, की जुनी भिंतच चार बोटं आपल्या बाजूला सरकलेली आहे, आधी ती पाडा. योगेश म्हणाला, पाडायची तर तुमच्या हाताने पाडा. गवंडी दुपारपर्यंत सावलीत बसला, डबा खाल्ला आणि निघून गेला. विटांचा ढीग भिंतीला लागून हर्षाच्या बाजूला राहिला.

आता कोंबड्यांना उडी मारायचीसुद्धा गरज उरली नाही. त्या विटांवरून पायऱ्या चढल्यासारख्या चढायच्या आणि पलीकडे उतरायच्या. हर्षाने एका बाजूचे पंख कापले, तरी त्या गेल्या. ढिगावर बाभळीच्या काट्या टाकल्या, तर एका काटीत तिचीच साडी फाटली. भांडी घासताना ती पाहायची, सकाळच्या वेळी पाचही जणी एकामागून एक पलीकडे जाताहेत, ऑफिसला निघाल्यासारख्या. दाणे इथे, अंडी तिथे.

"हसू नका," ती योगेशला म्हणायची.

"मी काई हासून नाई राहिलो."

"तुमच्या डोळ्यात दिसते."

मे महिना लागला. वऱ्हाडातला मे म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशात अकोल्याहून भावाचा, अश्विनचा, फोन आला, की आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन आहे. हर्षाने दोन साड्या पिशवीत कोंबल्या. निघताना तिने योगेशला कोंबड्यांचं सगळं सांगितलं: पाणी दिवसातून तीनदा बदलायचं, खुराड्यावर ओलं पोतं टाकायचं, दुपारी त्यांना लिंबाच्या झाडाखाली सोडायचं. योगेश हो हो म्हणत मोबाइल पाहत होता.

अकोल्यात दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून ती सकाळ-संध्याकाळ फोन करायची. "पाणी ठेवलं काय?" "ठेवलं." "पोतं?" "हो." "ओलं केलं काय?" यावर जरा थांबून उत्तर यायचं, "करतो आता." आतून आई विचारायची, कुणावर ओरडतेस. गोदाबाईचा पाय वजनाने ताणून बांधलेला, तिला हलता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. "तुझ्या कोंबड्याईचं काय चाल्लं?" ती म्हणायची, आणि हर्षाला आपल्या आईच्या मोडलेल्या हाडापेक्षा कोंबड्यांचीच बातमी जास्त द्यावी लागायची.

ऑपरेशन नीट झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हर्षा, मी चंदा बोलतो. तुह्या नवऱ्यानं एक कोंबडी मारली."

"मारली? काहून मारली?"

"मारली म्हंजे मेली. काळी. पानी ठेवलं व्हतं त्यानं, पण उन्हात, जर्मनच्या भगुन्यात. चहापत्ती टाकली असती तं चहा झाला असता. मी पायलं तवा चोच वासून पडली व्हती. बाकीच्या चौघीईले मी घरात आणलं."

"घरात कुठी?"

"नव्या कूलरच्या खोलीत. दुसरीकडं कुठी ठेवू? दोन तं उभ्या राहू शकत नव्हत्या. गूळपानी पाजलं चमच्यानं. तू तिकडं तुह्या आईचं पाय, इकडचं मी पायतो. कशा हायेत गोदाबाई?"

हर्षा म्हणाली, बरी आहे.  काळीने तिला जितका ताप दिला होता तितका कुणी दिला नव्हता. साडीवरची ती पावलं तिला अजून दिसायची. आणि तरी दवाखान्याच्या त्या बाकावर तिने पदराने डोळे पुसले, आणि त्याचा तिला अतिशय राग आला. पलीकडे चंदाने फोन ठेवला.

आठवड्याने हर्षा परतली. आधी योगेशला जे बोलायचं ते बोलली. तो मान खाली घालून म्हणाला, "सकाळी ठेवलं व्हतं पाणी. तवा सावली व्हती तिथी." खरंच असेल, पण सावली हलते हे कळायला कोणती परीक्षा पास व्हावी लागते, असं तिने विचारलं.

मागे गेली तर चंदाने आवाज दिला. आठ वर्षांत पहिल्यांदा हर्षा पुढच्या दाराने त्या घरात शिरली. कूलरच्या खोलीत पलंगाखाली पोतं अंथरलेलं, त्यावर चौघी बसलेल्या. समोरच्या खोलीत गजेंद्र बनियनवर, टॉवेलने घाम पुसत पेपर वाचत होते. कोंबड्या आल्यापासून त्यांचं अंथरूण बाहेर पडलं होतं. त्यांनी हर्षाकडे पाहिलं आणि पायाशी असलेली खुर्ची कूलरच्या खोलीच्या दारात सरकवली.

"काळी तिथी पुरली," चंदाने खिडकीतून कण्हेरीखाली बोट दाखवलं. "खोल खड्डा केला. कुत्रे उकरते नाईतं." मग कोंबड्यांकडे पाहत ती त्याच आवाजात म्हणाली, "तुह्या आईनं बादली आणली व्हती त्या दिवशी, मले सांगाले पायजे व्हतं याईले. मी नाई सांगतलं. भेव वाटे तवा मले यांच्या रागाचं."

हर्षा खुर्चीच्या कडेला बसली होती. तिने एवढंच म्हटलं, "पोतं वाळलं, ताई. ओलं करून आणतो."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल. कोंबड्या संध्याकाळी हर्षाकडे येऊ लागल्या, सकाळी अंगणातल्या जुन्या कूलरमध्ये जाऊ लागल्या, आणि निघालेली अंडी चंदा भिंतीवर ठेवू लागली, जशी निघतील तशी, अर्धी. पण खरा त्रास आता सुरू झाला. आठ वर्षं न बोललेली बाई आठ वर्षांचं बोलणं घेऊन भिंतीशी उभी राहिली. सकाळी हर्षाने दात घासायला घेतले की पलीकडून आवाज, "हर्षा, दाणे जास्त टाकतं तू, चरबी चढते." मशीनवर बसली की, "हर्षा, एकीची पातळ शी होऊन राहिली, ताक पाज." कपडे वाळत घालायला गेली की चंदाच्या वेगळ्या राहणाऱ्या सुनेबद्दलची गाऱ्हाणी, गुडघ्याची दुखणी, गजेंद्रच्या साखरेचे आकडे. फॉलची कामं मागे पडली. बायका फोन करून विचारू लागल्या, साडी झाली काय. हर्षा भांडी घासताना स्वतःशी म्हणायची, अबोला होता तेव्हा निदान हाताने काम तरी व्हायचं.

पाऊस लागल्यावर चंदाने टुमणं लावलं, की काळीच्या जागी नवी आणू. परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातून अस्सल गावरान येते, आणि तिचं माहेर तिथूनच जवळ. हर्षाने एकच कोंबडी, एकच, असं चारदा कबूल करून घेतलं आणि दोघी एस.टी.ने गेल्या. बाजारात चंदाने कोंबड्या उलट्या करून पाहिल्या, चोची उघडल्या, विकणाऱ्या बाईशी गावचं नातं काढलं, आणि हर्षा रुमाल घ्यायला बाजूच्या दुकानात गेली तेवढ्यात सौदा करून टाकला. खोक्यात एक कोंबडी होती. आणि एक कोंबडा होता, लाल-हिरव्या शेपटाचा, मोठा.

"हा काहून घेतला?"

"कोंबडा नसला तं पिल्लं कुठून येतीन?"

"कोणाले पायजेत पिल्लं?"

"मले," चंदा म्हणाली आणि बसकडे चालू लागली. गुडघे दुखतात म्हणून खोकं हर्षाने उचललं. अमरावतीपर्यंत ते तिच्याच मांडीवर होतं, आणि शेजारी चंदा तोंड उघडं टाकून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या कितीतरी आधी कोंबडा आरवला. एकदा नाही, थांबून थांबून, कॉलनीतल्या प्रत्येक घराला वेगळं सांगितल्यासारखा. समोरच्यांचा दिवा लागला. योगेशने उशी कानावर ओढली आणि विचारलं, "कोणाचा हाय हा?"

"तुमच्या वयनीचा," हर्षा म्हणाली.

मागची खिडकी उघडीच होती. पलीकडे गजेंद्रने झोपेतल्या आवाजात तेच विचारलेलं स्वच्छ ऐकू आलं, आणि त्यावर चंदाचं उत्तरही.

"हर्षाचा हाय."

हर्षाला राग यायला हवा होता आणि तो आलाच. ती उठली, केस बांधले, चप्पल सापडेना म्हणून तशीच अनवाणी मागच्या दाराशी गेली आणि त्या अंधारात भिंतीकडे तोंड करून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, जावेला हाक मारली.